बाज, कुत्रा आणि छडी

बी.एड. झालेल्या माणसाचा पिच्छा दोन प्राणी जन्मभर सोडत नाहीत. एक पावलॉवचा कुत्रा, दुसरा स्किनरचा उंदीर. घंटी वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, दांडी दाबली की उंदराला दाणा मिळतो, एवढे नीट लिहिले की मानसशास्त्राच्या पेपरात पास होण्याची काळजी उरत नाही. मीही लिहिले आणि पास झालो. पुढे उर्दू माध्यमाच्या शाळेत नोकरी लागली. नोकरी लागली की ही मंडळी पेटीत जातात आणि कपाटामागची छडी बाहेर येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली. १ एप्रिल २०१० पासून तो कायदा लागू आहे. त्याचे परिपत्रक स्टाफरूमच्या भिंतीवर चिकटवलेले असते आणि छडी त्याच भिंतीला टेकून उभी असते. सगळीकडे असे आहे असे माझे म्हणणे नाही. पण पुष्कळ ठिकाणी आहे, आणि पालकांचीही त्याला ना नसते. मुलाला शाळेत घालताना बाप हात जोडून म्हणतो, "सर, खाल आपकी, हड्डी हमारी."

या छडीविषयी मला जे म्हणायचे आहे ते एका कुत्र्याच्या पिल्लाच्या निमित्ताने म्हणणार आहे. आपल्यापैकी काहींनी आत्ताच नाक मुरडले असेल. थोडे थांबावे.

आमचे शेत मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा. वाशीम जिल्ह्यातला शेतकरी पावसाला जेवढा भितो तेवढाच रोह्यांना भितो. रोही म्हणजे नीलगाय. रात्री दहा-बाराचा कळप शिरला की सकाळी हरभऱ्याचे शेंडे नाहीसे झालेले असतात. अब्बा सत्तरीला आले. जागलीला जाणे आता त्यांच्याने होत नाही आणि मी सकाळच्या शाळेला बांधलेला. गेल्या जानेवारीत शेजारच्या शेताचे, तांड्यावरचे काका एक पिल्लू घेऊन बांधावर उभे राहिले. "सर, हे ने तुमी. मोठं झालं की मंग रोही येते का पाह्यजा." पिल्लू दोन महिन्यांचे, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. माझ्या मुलीने घरी पोचायच्या आतच त्याचे नाव मोती ठेवले.

अम्मीने दारातच अडवले. ज्या घरात कुत्रा असतो तिथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत, हे तिने तिच्या आईकडून ऐकलेले. त्यावर वाद घालणारा मी कोण? पिल्लू परसात, बकऱ्यांच्या टिनाच्या शेडमध्ये राहिले. पण मोहल्ल्यात बोलणे सुरू झालेच. सर लोकांच्या मुलांना शिकवतात आणि घरात कुत्रा पाळतात, इथपर्यंत गोष्ट गेली. तेव्हा मी आमच्या मौलाना साहेबांकडे गेलो.

मौलाना साहेब कमी बोलतात. मला म्हणाले, "सर, कुत्ते के मसले में लोग जितना जानते हैं उससे ज्यादा बोलते हैं." मग त्यांनी एकेक गोष्ट समजावून दिली. शौक म्हणून कुत्रा पाळण्याबद्दल हदीसमध्ये ताकीद आहे, पण शिकार, जनावरे आणि शेती यांच्या राखणीसाठी पाळण्याला त्याच हदीसमध्ये सूट आहे. आम्ही हनफी, आमच्याकडे कुत्र्याची लाळ नापाक आहे, कोरडे अंग कपड्याला लागले तर कपडा नापाक होत नाही. कोकणातले आपले शाफई बांधव अधिक कडक आहेत. इमाम मालिक यांच्या मते तर जिवंत कुत्रा पाकच. हे ऐकून अम्मीचे पूर्ण समाधान झाले नाही, पण पिल्लाच्या वाट्याचे मातीचे भांडे तिने स्वतः वेगळे काढून दिले.

निघताना मौलाना साहेबांनी विचारले, "याला शिकवणार कसे?" मी म्हणालो, न मारता शिकवणार आहे, खाऊ देऊन. ते हसले आणि उठून हिदायाचा उर्दू तर्जुमा घेऊन आले. हिदाया म्हणजे बुऱ्हानुद्दीन मरगीनानी यांचा हनफी फिकहचा ग्रंथ. मरगीनानी आजच्या उझबेकिस्तानातल्या फरगाना खोऱ्यातले, इंतकाल ११९७ चा. आपल्या मदरशांतून हे पुस्तक आजही शिकवले जाते. त्यातल्या शिकारीच्या प्रकरणात प्रश्न असा आहे की शिकारी जनावर शिकले असे कधी मानायचे, कारण शिकलेल्या जनावराने धरलेली शिकारच हलाल. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत हा विषय आला आहे. अल्लाहने तुम्हाला दिलेल्या इल्ममधून तुम्ही या जनावरांना शिकवता, असा तिथे आशय आहे. मी भाषेचा शिक्षक असल्यामुळे मला त्या आयतीतला एक शब्द फार आवडतो. जनावरे तयार करणाऱ्यांसाठी तिथे 'मुकल्लिबीन' हा शब्द येतो आणि तो 'कल्ब', म्हणजे कुत्रा, यावरूनच बनला आहे. उस्तादाला नाव मिळाले ते शागिर्दावरून.

हिदायाचे उत्तर असे. कुत्र्याने पकडलेली शिकार तीन वेळा न खाता सोडली, तर कुत्रा शिकला. बाज हाक मारल्यावर परत आला, तर बाज शिकला. दोघांची परीक्षा वेगळी का, याची दोन कारणे दिली आहेत. एक, बाजाचे शरीर मार सोसत नाही, कुत्र्याचे सोसते. म्हणून कुत्र्याला मारून खाणे सोडायला लावता येते. दुसरे कारण मला जास्त खोल वाटले. शिकल्याची खूण म्हणजे आपली जन्मजात सवय सोडणे. बाज मुळात माणसापासून पळणारा, म्हणून त्याचे परत येणे हीच खूण. कुत्रा मुळात माणसाला चिकटलेला, त्यामुळे तो परत आला यात काय मोठे? त्याची सवय हिसकावून खाण्याची. ती सोडली तर तो शिकला.

"पण मार लिहिला आहे," मी म्हणालो. मौलाना साहेब म्हणाले, "मारता येतो असे लिहिले आहे. मारलाच पाहिजे असे कुठे आहे?"

घरी येताना माझ्या डोक्यात कुत्र्यापेक्षा बाजच घोळत होता. बाजाला मारले तर तो मरेल किंवा उडून जाईल. म्हणून जगभरच्या बाजदारांना हजारो वर्षांपूर्वीच दुसरी विद्या शोधावी लागली. मांसाचा तुकडा हातमोज्यावर धरायचा, बाजाला भूक राहील इतकेच खायला घालायचे, आणि आधी एक वीत, मग एक हात, मग दोरीच्या लांबीइतके अंतर वाढवत न्यायचे. अबुल फज्लने आईन-ए-अकबरीत अकबराच्या बाजांचा आणि चित्त्यांचा खुराक बारकाईने नोंदवून ठेवला आहे. विसाव्या शतकातही तेच झाले. स्किनरने उंदीर आणि कबुतरांवरचे नियम मांडले, पण कुत्रे शिकवणाऱ्यांत बक्षिसाची रीत रुजवण्यात मोठा वाटा आहे कॅरन प्रायर या अमेरिकन बाईंचा, आणि त्यांनी सुरुवात केली ती १९६० च्या दशकात हवाईमध्ये डॉल्फिन शिकवण्यापासून. डॉल्फिनला साखळी कशी बांधणार? रागावलात तर तो तळाला जाऊन बसतो. शिट्टी आणि मासळी एवढीच हत्यारे. पुढे १९८४ साली त्यांचे पुस्तक आले आणि ती रीत कुत्र्यांपर्यंत पोचली. म्हणजे जो शागिर्द निघून जाऊ शकतो त्याच्यासाठी उस्तादाने डोके चालवले. जो निघून जाऊ शकत नाही त्याच्यासाठी छडी पुरली.

आता मोतीच्या शिकवणीकडे येतो. उकडलेल्या अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे किंवा कोंबडीची उकडलेली कलेजी. सालनातली हड्डी नाही, कारण कांदा कुत्र्याला बाधतो. हे आपल्या घरांत फारसे कुणाला माहीत नसते. धडा तीन ते पाच मिनिटांचा, दिवसातून दोन-तीनदा, आणि पिल्लू कंटाळायच्या आत बंद. आमच्या शाळेत तासिका पस्तीस मिनिटांची असते, असो. तुकडा नाकासमोर धरून हात हळू त्याच्या डोक्यावरून मागे न्यायचा. नाक वर जाते, बूड आपोआप खाली टेकते. टेकले त्याच क्षणी जिभेने 'टच्' आवाज करायचा आणि तुकडा द्यायचा. हा आवाज महत्त्वाचा. खिशातून तुकडा काढेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात, तेवढ्यात पिल्लू उठून उभे राहते आणि उभे राहण्याचेच बक्षीस मिळाले असे समजते. आवाज मात्र जागच्या जागी सांगतो की हे, हेच बरोबर. 'बैठ' हा शब्द सगळ्यात शेवटी, कृती पक्की झाल्यावर. आपण उलटे करतो. आधी शब्द दहा वेळा ओरडतो, मग ऐकत नाही म्हणून चिडतो. ज्याला शब्दाचा अर्थच माहीत नाही तो ऐकेल कसा? पहिलीच्या वर्गात मी हे रोज पाहतो.

भाषेचा घोटाळा झालाच. मी 'बैठ' म्हणे, तांड्यावरचे काका त्यांच्या गोरमाटीत काहीतरी म्हणत, माझी मुलगी इंग्रजीत 'सिट' म्हणे. शेवटी घरात ठरले की मोती उर्दू माध्यमाचा. बैठ, रुक, छोड, आ. चारच शब्द, आणि सगळ्यांनी तेच.

'छोड' मी मुद्दाम हिदाया डोळ्यांसमोर ठेवून शिकवले. मुठीत तुकडा ठेवून मूठ बंद. मोती चाटी, पंजा मारी, कुईकुई करी. मी काहीच बोलत नसे, हात मागे घेत नसे. कधीतरी वैतागून तो तोंड बाजूला करी. त्याच क्षणी टच्, आणि तुकडा दुसऱ्या हातातून. पाचव्या दिवशी मी मूठ उघडी ठेवली, तुकडा तळहातावर, आणि तो माझ्या तोंडाकडे पाहत बसला. एकदा, दोनदा, तीनदा. मी मौलाना साहेबांना फोन करून सांगितले. ते म्हणाले, "मुबारक हो. न मारता?" मी म्हणालो, न मारता.

या विद्येमुळे अम्मीचा प्रश्नही सुटला, जो फतव्याने सुटला नव्हता. तिची भीती होती ती वजू करून जाताना पिल्लाने अंगावर उडी घेऊन चाटण्याची. उडी मारली की सगळ्यांनी पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर असले तरच तुकडा, हा नियम तीन आठवडे पाळला. आता अम्मी परसात आली की मोती बसून घेतो आणि ती ओढणी सावरून निघून जाते. दोघांचे बरे जमते.

शिक्षा केल्याने काहीच शिकवता येत नाही असे मी म्हणणार नाही. तसे असते तर छडी कधीच मोडीत निघाली असती. मारानेही कुत्रा बसतो. पण त्यासोबत आणखी काय शिकतो, तो प्रश्न आहे. पोर्तुगालच्या संशोधकांनी २०२० मध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही बक्षिसाने शिकवणाऱ्या शाळांतले, काही झटके-ओरडा देणाऱ्या शाळांतले. दुसऱ्या प्रकारच्या शाळांतल्या कुत्र्यांच्या लाळेत ताणाचे संप्रेरक शिकवणीनंतर जास्त वाढलेले आढळले. इब्न खल्दूनने हे लाळ न तपासता चौदाव्या शतकात लिहून ठेवले होते. मुकद्दिमामध्ये एक प्रकरणच आहे की शागिर्दांशी सख्ती केल्याने त्यांचे नुकसान होते. ज्याला जबरदस्तीने वाढवले तो आळशी होतो, खोटे बोलायला शिकतो, आत एक आणि बाहेर एक असा होतो. आम्ही त्याचे नाव समाजशास्त्राचा जनक म्हणून पाठ करून घेतो आणि पुढे जातो.

आता ज्याच्यासाठी हे सगळे लिहायला घेतले त्या मुलाबद्दल. सातवीपर्यंत आमच्याकडे होता. माझ्या उर्दूच्या तासाला चांगला. मजमून लिहायला दिला तर कागद पुरत नसे. गणितात कच्चा. पहाडे येत नाहीत म्हणून एका सरांनी त्याला फळ्याजवळ बोलावून, मुलींसमोर, छडीने मारले, आणि ते एकदा नव्हे. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा तो आला नाही. मामाच्या पंक्चरच्या दुकानात बसू लागला. वय तेरा. २०१६ च्या दुरुस्तीने बालकामगार कायद्यात घरच्या धंद्याला हातभार लावायची मुभा दिली, ती शाळेच्या वेळेनंतरची. शाळेची वेळ कोणती, हे मामाला कोण सांगणार? मी दोनदा घरी गेलो. आई रडली, आणि मुलगा मागच्या दाराने निघून गेला.

तो परत दिसला तो जुलैमध्ये, मोतीमुळे. जुम्याच्या नमाजनंतर दुकान बंद असते. परसाच्या कुंपणाबाहेर उभा राहून तो आमचा धडा पाहत होता. मी आत बोलावले नाही. कलेजीची वाटी कुंपणाच्या खांबावर ठेवली आणि आत पाणी प्यायला गेलो. परत आलो तेव्हा मोती त्याच्यासमोर बसला होता.

दर शुक्रवारी तो येऊ लागला. त्याची जीभ माझ्यापेक्षा चपळ, टच् अगदी वेळेवर पडे. मी त्याला एक वही दिली; शिकवणीची नोंद ठेवली पाहिजे, हे मात्र बी.एड.चेच. तारीख, शब्द, दहापैकी किती वेळा ऐकले. त्या वहीवर त्याने वळणदार उर्दूत नाव घातले, 'मोती का रजिस्टर'.

ऑगस्टमध्ये त्या रजिस्टरमध्ये 'आ' या शब्दाचे आकडे घसरू लागले. दहापैकी नऊ, मग सहा, मग दोन. मला वाटले वय झाले, आठव्या-नवव्या महिन्यात कुत्री अशी बेफाम होतातच. मुलाने कारण शोधले. मोती आता दिवसा अब्बांबरोबर शेतात जात होता. तिथे त्याने काकांच्या कोंबडीमागे धाव घेतली, तेव्हा अब्बांनी गोड आवाजात 'आ, आ' करून त्याला जवळ बोलावले आणि आल्यावर चपलेने हाणले. दोनदा असे झाले. अब्बांच्या मते शिक्षा कोंबडीमागे धावण्याची होती. मोतीच्या हिशेबात ती हाक ऐकून येण्याची होती. मुलगा मला म्हणाला, "सर, अब्बाजी ने ये बोल खराब कर दिया. अब इस बोल पे वो कभी नहीं आएगा. बोल ही बदल डालो."

कुत्रे शिकवणाऱ्यांच्या पुस्तकांतही हेच आहे. ज्या शब्दाशी मार जोडला गेला तो दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवा शब्द घ्यावा आणि तो शून्यापासून शिकवावा. त्या मुलाने ते पुस्तक पाहिलेले नाही. त्याला कसे कळले, हे मी विचारले नाही. फळ्याजवळ बोलावताना त्याला कोणता शब्द वापरला गेला होता ते मला माहीत आहे.

आम्ही 'आ' सोडून दिला आणि सीटी घेतली. आधी परसात दोन पावलांवरून, मग लांब दोरीला बांधून शेतात, मग दोरीशिवाय. प्रत्येक वेळी आल्यावर कलेजी, मग तो काहीही उद्योग करून आलेला असो. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघाले त्या आठवड्यात दहापैकी दहा लागले. अब्बांना सीटी वाजवता येत नाही, कवळी हलते. ते स्टीलचा डबा चमच्याने वाजवतात आणि मोती त्यांच्याकडेही येऊ लागला आहे. चप्पल मारू नका असे मी त्यांना सांगितले नव्हते, वडिलांना कसे सांगणार? डब्यात कलेजी ठेवून डबाच त्यांच्या हातात दिला.

सध्या हरभरा वीतभर झाला आहे. रोही येतात, मोती भुंकत बांधापर्यंत जातो आणि सीटी ऐकून परततो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याला रेबीजची लस टोचून घेतली आहे, हे मोहल्ल्यातल्या धास्तावलेल्या आयांसाठी सांगून ठेवतो.

मुलाचे नाव मुख्याध्यापकांनी अजून पटावरून कमी केलेले नाही. मी त्याच्यासमोर शाळेचा विषय काढत नाही. परवा जुम्यानंतर आम्ही शेतात होतो. रजिस्टरमध्ये लिहिता लिहिता, मान वर न करता त्याने विचारले, "सर, आठवी को रियाजी कौन पढ़ाते?"

मी नाव सांगितले. त्याने वही मिटली, उठून मोतीच्या गळ्यातली दोरी सोडली आणि बांधाच्या दिशेने चालू लागला.